मायायंत्राची प्रतिष्ठापना

२ मार्च, सोमवार. सकाळी १०.
आजपासून रोजनिशी. प्रयोजन: एका तांत्रिक पराक्रमाचा प्रत्यक्षदर्शी वृत्तान्त उपलब्ध असावा. पराक्रमी पुरुष आणि प्रत्यक्षदर्शी एकच असल्यामुळे साक्षीत विसंगती संभवत नाही.

वस्तुस्थिती अशी. आमची कंपनी उद्वाहकांचे, ज्यांस सामान्य जन लिफ्ट म्हणतात त्यांचे, नियंत्रण करणारे बोर्ड बनवते. नव्या बोर्डाचे रेखाटन माझे. एकट्याचे. चौदा महिन्यांचे. परवा त्याचे तीन नमुने तयार होऊन आले. हिरवेगार, तळहाताएवढे. पाहून ऊर भरून आला; सर्दी आहे असे सांगितले.

आता त्यांवर चढवायचा प्रोग्राम लिनक्स या प्रणालीवरच बांधावा लागतो, आणि माझ्या टेबलावरचा संगणक विंडोजचा. दुसरा संगणक मिळणार नाही. सबब त्याच संगणकाच्या उदरात एक काल्पनिक संगणक उभा करायचा. यास व्हर्च्युअल मशीन म्हणतात. मी ‘मायायंत्र’ म्हणणार.

विभागप्रमुख बाईंनी बोलावून घेतले. या पूर्वी माझ्याच हाताखाली होत्या. सोल्डरिंग कसे करावे हे मीच शिकवले. अजून मला सर म्हणतात. म्हणाल्या, पंचवीस तारखेला ग्राहक येणार आहेत. तोवर बोर्ड चालू होऊन मजल्याचा आकडा दाखवू लागला, तर पुढचे सर्व काम माझ्याकडे. न लागला, तर काम बाहेरच्या कंपनीकडे आणि मी तळमजल्यावर, दस्तऐवज विभागात. वरून आदेश तसा आहे म्हणे. मग म्हणाल्या, ‘सर, तीनच बोर्ड आहेत, जपून हं. आणि लिनक्सचं काही अडलं तर मनात ठेवू नका, मला लगेच सांगा.’

मी सांगितले की बावीस वर्षांत माझे काही अडलेले नाही.

कालावधीचा अंदाज: अर्धा दिवस. जेवणाची सुट्टी धरून.

३ मार्च, मंगळवार. दुपारी ४.
संगणकात मायायंत्र धारण करण्याची शक्ती आहे, परंतु ती बंद अवस्थेत आहे असे कळले. चालू करण्यासाठी संगणक उठत असताना पहिल्या दोन सेकंदांत ‘एफ टू’ ही कळ दाबावी लागते. सतरा वेळा बंद-चालू केला. पाच वेळा विलंब, नऊ वेळा घाई, तीनदा भलतीच कळ.

अठराव्या खेपेस जोडणीवाल्या बाई जाता जाता ती कळ दाबून गेल्या. या समोरच्या टेबलावर बसतात, बोर्डांची जोडणी आणि तपासणी करतात. वीस वर्षांचा शेजार. म्हणाल्या, ‘साहेब, एकदाच नेम धरून काय मारताय? टकटक करत राहायचं, कधीतरी लागतं.’ पद्धत सर्वथा अशास्त्रीय. माझ्या सतरा प्रयत्नांनी संगणक आधीच शिणला होता, हे त्यांच्या लक्षात आले नसावे.

४ मार्च. दुपारी १२.
परिभाषा मोठी सुसंस्कृत आहे. खरा संगणक तो यजमान, काल्पनिक तो अतिथी. यजमानाकडे सोळा जीबी स्मृती. संस्कारांस अनुसरून पंधरा अतिथीस दिल्या.

१२.२०. यजमान निश्चेष्ट. माऊसही हलत नाही.

२.४५. अतिथीस आठ. औदार्यासही मर्यादा असावी.

६ मार्च, शुक्रवार. सायंकाळी ५.
लिनक्स स्थानापन्न! काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक रेघ. अत्यंत तपस्वी दर्शन.

किरकोळ विघ्न: पासवर्ड टाइप केला असता अक्षरे उमटेनात. एकही नाही. निदान तत्काळ केले: कीबोर्ड सदोष. पाच स्क्रू काढून उघडला, ब्रशने झाडला, एकशे चार कळा एकेक करून स्पिरिटने पुसल्या. पुन्हा जोडला. अक्षरे उमटेनात. जोडणीवाल्या बाईंनी मान लांब करून पाहिले आणि विचारले की पासवर्ड कशाला दिसेल, तो लपवायचाच असतो ना? ‘दिसत नाही म्हणजे लिहिलं जात नाही असं थोडंच आहे. एन्टर मारून तर बघा.’

एन्टर मारले. प्रवेश मिळाला. कीबोर्ड स्वच्छ असल्याचा परिणाम निर्विवाद.

‘एस’ ही कळ मात्र पुन्हा बसवताना किंचित तिरपी गेली आहे.

९ मार्च, सोमवार. सायंकाळी ५.३०.
प्रोग्राम बांधावयास घेतला. साडेतीन तास पडदाभर ओळी धावत होत्या. मी छातीवर हात बांधून उभा. त्र्याण्णव टक्क्यांस थांबले. अतिथीच्या डिस्कवर जागा उरली नाही. मीच वीस जीबी दिल्या होत्या, संयम शिकवावा म्हणून.

१० मार्च. सायंकाळी ५.
ऐंशी जीबी दिल्या. पाच तास दहा मिनिटे लागली. शेवटी यशाची ओळ उमटली. प्रोग्राम सिद्ध! अर्ध्या दिवसाच्या मूळ अंदाजात आठ दिवसांची अल्पशी वाढ.

विभागप्रमुख बाईंना सांगितले. खरोखर आनंदल्या. ‘मग काय सर, आता केबल लावायची आणि चढवायचं.’ मी म्हणालो, उद्या एक तास.

११ मार्च, बुधवार. सकाळी ११.
बोर्ड क्रमांक एक यूएसबी केबलने संगणकास जोडला. संगणक ‘टिंग’ असे म्हणाला. मायायंत्रात पाहिले. बोर्ड नाही.

काढला, लावला. टिंग. बोर्ड नाही. केबल बदलली. टिंग. बोर्ड नाही.

दुपारी ३. शांतपणे विचार केला. सिद्धान्त असा मांडतो: दोष तेथेच संभवतो जेथे वीज आहे. मायायंत्र काल्पनिक आहे, त्यात वीज नाही. म्हणून त्यात दोष नाही. बोर्डात वीज आहे. म्हणून दोष बोर्डात. हे तर्कशास्त्र बाविशीच्या मुलांना शिकवत नाहीत, म्हणून ती दिवसभर मेनू उघडत-मिटत बसतात.

दर खेपेस होणाऱ्या त्या तक्रारवजा टिंगेचा मनस्ताप होतो. संगणकाचा आवाज बंद करून टाकला.

१२ मार्च. दुपारी १.
शस्त्रक्रियेस आरंभ. संशयित: बोर्डावरील यूएसबीची चिप. जोडणीवाल्या बाई म्हणाल्या, ‘साहेब, तो माझ्याकडून ओके होऊन गेलाय. माझा शिक्का आहे खाली.’ मी त्यांना तपासणी आणि निदान यांतील भेद समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, ‘असेल बाई.’

चिप बदलली. मायायंत्रात बोर्ड नाही. नवी चिपही सदोष निघावी, हा दुर्दैवी योगायोग. पुन्हा बदलली.

सायंकाळी ६. दुसऱ्या खेपेस चिपबरोबर तिच्याखालचे चार तांब्याचे ठिपकेही उचलून आले. बोर्ड क्रमांक एक अभ्यासासाठी राखून ठेवला आहे.

१३ मार्च, शुक्रवार.
विभागप्रमुख बाईंनी दारातूनच विचारले, ‘सर, दिसला का बोर्ड?’ विद्युत् स्वरूपाचा एक किरकोळ प्रश्न आहे असे सांगितले. त्या म्हणाल्या, ‘मी येऊन बघू का पाच मिनिटं?’ ज्यांना आपण लिहावयास शिकवले त्यांच्याकडून शुद्धलेखन तपासून घ्यावे, असे दिवस अद्याप आलेले नाहीत. आभार मानले. गेल्या.

१५ मार्च, रविवार. सकाळी ११.
सौभाग्यवतीने परस्पर तिच्या धाकट्या भावास चहास बोलावले. हा मेहुणा एका मोठ्या कार्यालयात संगणकांची देखभाल करतो. दुसरा कप होईपर्यंत इकडचे तिकडचे बोलला. मग ताईने डोळे वटारल्यावर विषय काढला. ‘भावोजी, ताई म्हणत होती बोर्ड दिसत नाहीये. टिक केलीत ना?’

कसली टिक, असे मी विचारले.

‘अहो, व्हर्च्युअल मशीनच्या खिडकीत वर मेनू असतो. त्यात यूएसबीची यादी येते. तुमच्या बोर्डाच्या नावापुढे टिक करायची, मग तो आत जातो. तोपर्यंत बाहेरच असतो, विंडोजकडे. पहिल्यांदा सगळेच फसतात. मी तर दोन दिवस घालवले होते.’

दोन दिवस घालवणाऱ्याकडून मी शिकायचे? मी तर पाच घालवले नसून गुंतवले आहेत. चौदा महिन्यांच्या रेखाटनावर उपाय काय, तर टिक! या गृहस्थाने आयुष्यात सोल्डरची तार हाती धरलेली नाही. स्मित केले आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

तो गेल्यावर सौभाग्यवती म्हणाली, ‘ऐकलंत का तो काय म्हणाला?’ ऐकले. ऐकणे आणि मानणे या भिन्न क्रिया आहेत. ती म्हणाली, ‘तेच तर. लग्नाला सव्वीस वर्षं झाली.’

१६ मार्च, सोमवार. सकाळी १०.
बोर्ड क्रमांक दोन. आरंभ करण्यापूर्वीच जोडणीवाल्या बाईंनी तो माझ्या हातून घेतला आणि स्वतःच्या संगणकाला लावला. टिंग. ‘बघा, वाजलं. हे वाजलं की आमच्याकडे ओके लिहितात.’ मी सांगितले की हीच ती तक्रार. त्या म्हणाल्या, तक्रारीचा आवाज वेगळा असतो, ढप्प असा. ‘तुमचा आवाज का येत नाही?’

मी स्वतःच बंद केला आहे, असे सांगितले.  त्यांनी बोर्ड परत दिला, तोही दोन्ही हातांनी.

१७ मार्च.
बोर्ड दोनचा ठोके देणारा क्रिस्टल बदलला. नाही.

१८ मार्च.
सॉकेट बदलले. नाही. चिप बदलली. नाही. काही सूक्ष्म भाग सोल्डर वितळवणाऱ्या हवेच्या झोताने उडाले. जमिनीवर रांगून शोधले, तीन सापडले. किती होते ते आठवत नाही.

बोर्ड क्रमांक दोन विश्रांती घेत आहे.

१९ मार्च, गुरुवार. सायंकाळी ५.
दोन बोर्ड, दोन भिन्न उपचार, फल एकच. अर्थात दोष नमुन्यांत नाही. रेखाटनात आहे.

हे वाक्य लिहून झाल्यावर चहा घेऊन आलो. पुन्हा वाचले.

२० मार्च, शुक्रवार. दुपारी ३.
रेखाटनाची अकरा पाने टेबलावर पसरून बसलो. एकेक रेघ बोटाने तपासली. कोठे काय का घातले ते सर्व आठवते. सहाव्या पानावरील मांडणी ज्या दिवशी सुचली त्या दिवशी मी बसचा थांबा चुकवून तीन थांबे पुढे गेलो होतो आणि परत चालत आलो, आनंदात.

एकही चूक सापडली नाही. म्हणजे ती फार खोल आहे.

२२ मार्च, रविवार.
सौभाग्यवतीने विचारले, जेवताना गप्प का? सांगितले की माझ्या बोर्डात दोष आहे. ती म्हणाली, ‘तुमच्या? अहो, तुम्ही भाजीवाल्याची चूक काढता, डॉक्टरची काढता, माझी तर रोजच. स्वतःची कबूल केलेली पहिल्यांदाच बघतेय. बरं वाटत नाहीये का?’ कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

‘मग त्या टिकेचं बघितलंत का एकदा?’

विषय बदलला.

२३ मार्च, सोमवार. सकाळी १०.
दृढ संकल्प: बोर्ड क्रमांक तीनला हात लावायचा नाही. कपाटात, कुलपात. किल्ली खिशात.

११.३०. तथापि, दोष रेखाटनातच असेल तर तो तिसऱ्यातही आहेच. कुलपात ठेवल्याने दोष जात नाही.

१२. प्रतिबंधात्मक शस्त्रक्रिया विचाराधीन.

सायंकाळी ५. केली. चिप काढली, तिच्याकडे जाणाऱ्या तांब्याच्या दोन वाटा सुऱ्याने छेदून केसाएवढ्या तारांनी नव्याने वळवल्या. आयुष्यातील सर्वोत्कृष्ट सोल्डरिंग. भिंगाखालीही आरशासारखे. हात जराही थरथरला नाही. जोडणीवाल्या बाईंना दाखवावे म्हणून वळलो, तर त्या घरी गेल्या होत्या.

मायायंत्रात बोर्ड नाही.

२४ मार्च, मंगळवार. दुपारी २.
विभागप्रमुख बाई न विचारता आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. ‘सर, उद्या लोक येतायत. बघू द्या.’ वरचा मेनू उघडला. यादी उघडली. यादी रिकामी. म्हणाल्या, ‘बोर्ड लावलाय ना?’ लावला होता. काढून पुन्हा लावला. त्यांनी संगणकाचा आवाज बंद पाहिला, चालू केला, पुन्हा लावला. निःशब्द. दुसरा आणा म्हणाल्या. दुसरा आणला. निःशब्द. पहिला मागितला नाही. तो टेबलावर उलटा पडलेला त्यांना दिसत होता.

मग जोडणीवाल्या बाईंचा बारकोड वाचणारा यंत्रदंड घेतला, त्याच केबलच्या जागी लावला. टिंग. यादीत नाव आले. नावापुढे टिक केली. मायायंत्रात तो हजर. पाऊण सेकंद लागला असेल.

टिक मी पाहिली. लहान असते.

त्यांनी हळू आवाजात विचारले, ‘सर, तुमचं मशीन केव्हापासून असं तयार आहे?’ दहा तारखेपासून, असे मी म्हणालो. जोडणीवाल्या बाईंनी तपासणीची वही उघडून मधे ठेवली. तीन बोर्ड, तीन ओळी, तिन्हींपुढे ओके.

नोंद: माझे मायायंत्र पहिल्या दिवसापासून निर्दोष होते, हे आज अधिकृतपणे सिद्ध झाले.

वही बराच वेळ तशीच उघडी होती.

२५ मार्च, बुधवार.
ग्राहक आले. मला बोलावणे नव्हते. काचेतून दिसत होते: विभागप्रमुख बाई उभ्या राहून माझ्या रेखाटनाची पाने दाखवत होत्या. सहावे पान बराच वेळ हातात होते.

नंतर बाई माझ्या टेबलाशी आल्या. काम बाहेर दिले. बोर्डही तेच नव्याने बनवणार, रेखाटन तेवढे आमचे. ‘सर, एकदा विचारायचं होतं हो. दोन मिनिटांचं काम होतं. मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं ना.’ रागावल्या नाहीत. मी त्यांना शिकवत होतो तेव्हा किती रागवायचो.

मी म्हणालो, प्रयोगात नमुने खर्ची पडतातच. त्या म्हणाल्या, ‘हो सर.’

१ एप्रिल, बुधवार. सकाळी ९.३०.
दस्तऐवज विभाग. तळमजला. अनुकूल बाबी: शांतता, चहाचे यंत्र समीप, जिना चढावा लागत नाही. सहकारी एक, येत्या डिसेंबरात निवृत्त होणार. त्यांनी छिद्रे पाडण्याचे यंत्र दाखवले आणि कागद मधोमध दुमडून त्यावरची खूण जुळवायची असते हे सांगितले. मी म्हणालो, डोळ्याच्या अंदाजाने जमते मला.

येथे चिंतनास वाव मिळेल. तीन महिन्यांत उद्वाहक-शास्त्रावर एक ग्रंथ सिद्ध करीन.

८ एप्रिल.
ग्रंथाची अनुक्रमणिका. अर्धी.

१७ एप्रिल, शुक्रवार.
छिद्रे मधोमध येत नाहीत. यंत्र सदोष असावे. स्क्रू ड्रायव्हर मागितला. सहकाऱ्यांनी दिला नाही. वरून तशी सूचना आहे म्हणाले.

२७ एप्रिल, सोमवार. सकाळी ११.
बाहेरच्या कंपनीचे पत्र आले. ते आवक वहीत चढवणे माझ्याकडे, म्हणून वाचले. नव्याने बनवलेले दहाही बोर्ड पहिल्याच जोडणीस चालू झाले. पत्रात लिहिले आहे: मूळ रेखाटनात एकही बदल करावा लागला नाही. इतके नेटके रेखाटन आमच्याकडे क्वचितच येते. ज्यांनी केले त्यांना आमचे अभिनंदन कळवावे.

दोनदा वाचले. सहकाऱ्यांनी विचारले, ‘काय विशेष?’ काही नाही, म्हणालो.

दुपारी १२. पत्र घेऊन वर गेलो. विभागप्रमुख बाईंनी वाचले.  मी विचारले की यास सविस्तर उत्तर पाठवू का? मसुदा मनात तयार होता, आरंभी थोडे तत्त्वचिंतन, पुढे सहाव्या पानाविषयी दोन परिच्छेद. त्या म्हणाल्या, ‘नको सर. पोच द्या फक्त.’

खाली आलो. आवक क्रमांक २१७. कागद मधोमध दुमडला, खूण जुळवली, दोन छिद्रे पाडली. अगदी मधोमध आली.

पोच लिहिली. पत्र मिळाले.